परसात शिंजीर यावेत म्हणून कोणती झाडे लावावीत

कोकणातल्या रोपवाटिकांमध्ये अलीकडे काही रोपांवर ‘हमिंगबर्ड प्लांट’ अशी चिठ्ठी लावलेली दिसते आणि घराभोवती चार हात जागा असलेली माणसे ती रोपे हौसेने घेऊन जातात. पुढे हिरमोड होऊ नये म्हणून पहिलीच गोष्ट सांगून टाकते: हमिंगबर्ड हा पक्षी आपल्याकडे नाही. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, परंतु त्या सगळ्या अमेरिका खंडांत आणि त्यांच्या लगतच्या बेटांवर राहतात. तिन्हीसांजेला मधुमालतीपुढे हवेत एका जागी थरथरत राहणारे आणि लांब सोंड फुलात घालणारे जे काही आपल्याला दिसते, ज्याची चित्रफीत मग गावभर फिरते, तो एक पतंग असतो. नीट निरखले तर त्याच्या डोक्यावर दोन मिशा दिसतात आणि चोचीच्या जागी गुंडाळता येणारी सोंड असते.

हमिंगबर्डचे काम आपल्याकडे शिंजीर करतो. काहीजण त्याला सूर्यपक्षी म्हणतात, जुनी माणसे फुलचुखी म्हणतात. बोटभर लांबीचा, दहा ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा, बाकदार चोचीचा हा पक्षी कोकणात बारा महिने असतो आणि योग्य झाडे लावली तर खिडकीपासून दोन हातांवर येऊन बसतो. दोन्ही पक्ष्यांचे नाते जवळचे नाही. फुलातला रस पिण्याच्या एकाच उद्योगामुळे दोघांची चोच आणि जीभ सारख्या वळणाची झाली, एवढेच. म्हणूनच हमिंगबर्डच्या नावाने विकली जाणारी काही झाडे शिंजीरालाही चालतात आणि काही अजिबात चालत नाहीत. कोणती चालतील हे ओळखण्याची रीत आणि कोकणातल्या पावसापाण्यात ती कशी जगवावीत, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे येणारे शिंजीर

घराशेजारी सर्वांत आधी येतो तो जांभळ्या पाठीचा शिंजीर. नराचे पोट पिवळे आणि गळा चमकदार जांभळा असतो. मादी साधी, करड्या गळ्याची आणि फिकट पिवळ्या पोटाची असते. तो माणसाला फारसा बुजत नाही. दुसरा जांभळा शिंजीर, ज्याचा नर विणीच्या दिवसांत सावलीत काळाकुट्ट दिसतो आणि ऊन पडले की निळ्या-जांभळ्या रंगाने झळाळतो. विणीचा हंगाम संपला की हाच नर मादीसारखा पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास ‘आमचे काळे शिंजीर कुठे गेले’ असे कोणी विचारले तर ते बहुधा समोरच बसलेले असतात. लांब चोचीचा शिंजीर माडापोफळीच्या आगरांत दिसतो. घाटपायथ्याच्या गावांत, जिथे परस संपल्यावर लगेच रान सुरू होते तिथे, किरमिजी पाठीचा छोटा शिंजीर आणि लाल गळ्याचा व्हिगोर्सचा शिंजीर हे दोघेही येऊ शकतात. हे दोन्ही पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाहीत. त्यांतल्या दुसऱ्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ साली केले होते.

फुले आणि पक्षी यांच्या या नात्याकडे आपल्याकडे लक्ष गेले तेही बरेच आधी. अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करणाऱ्या सलीम अलींनी १९३२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या फुलांना भेट देणाऱ्या पक्ष्यांवर सविस्तर लेखन केले. आपण लावणार आहोत ती बरीचशी झाडे तेव्हापासून पक्ष्यांची झाडे म्हणून ठाऊक आहेत.

फूल पारखण्याची रीत

रोप विकत घेण्यापूर्वी फुलाकडे पाहून तीन-चार गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे बैठक. हमिंगबर्ड हवेत तरंगत रस पितो, म्हणून त्याची फुले बहुधा फांदीपासून दूर, मोकळी लोंबत असतात. शिंजीर क्षणभर तरंगू शकतो, पण त्याला बसून प्यायला आवडते. फुलाच्या देठाशी, फांदीवर किंवा शेजारच्या काटकीवर पाय टेकण्याची सोय हवी. पांगाऱ्याच्या किंवा पळसाच्या फुलोऱ्याकडे पाहिले म्हणजे हे लगेच ध्यानात येते. जाड दांड्यावर फुले लागलेली असतात आणि दांडाच पक्ष्याची बैठक होतो. नाजूक देठाचे झाड लावायचेच असेल तर त्याच्या जवळ एखादी वाळकी फांदी रोवून ठेवावी. दिसायला ती बरी दिसत नाही, पण दोन दिवसांत पक्षी तिचा ताबा घेतो.

दुसरी गोष्ट नळीची. फूल नळीसारखे किंवा खोलगट असावे आणि रस तळाशी भरपूर असावा. मधमाश्यांच्या फुलांत थोडा पण दाट रस असतो, पक्ष्यांच्या फुलांत तो पातळ आणि पुष्कळ असतो. फूल तोडून तळाशी दाबल्यावर थेंब दिसला तर ते फूल उपयोगाचे आहे. अडुळशाच्या फुलाचा देठाकडचा भाग चोखायचा खेळ आपण लहानपणी केलेला असेल. ज्या फुलात पोराला गोडी लागते त्यात शिंजीरालाही लागते.

रंगाबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. तांबडा आणि केशरी रंग पक्ष्यांना लांबून दिसतो आणि मधमाश्यांना नीट दिसत नाही, म्हणून पक्ष्यांची पुष्कळ फुले त्या रंगांची असतात. परंतु लाल दिसले की पक्ष्याचे, असे समजू नये. आपल्या रानात सर्वत्र असणारी पिटकुळी आणि तिची बागेतली भावंडे लालभडक असली तरी त्यांची बारीक नळी मुख्यतः फुलपाखरांसाठी आहे. उलट अडुळसा आणि शेवगा पांढरे असूनही शिंजिरांची त्यांवर वर्दळ असते. बोगनवेलीचा रंग तर पानांचा आहे, खरे फूल आतले इवलेसे; तिच्या भरवशावर पक्ष्यांना बोलावू नये. वासाचे म्हणाल तर मोगरा, कुंदा, सोनटक्का, प्राजक्त ही रात्रीच्या पतंगांची फुले आहेत. ती देवासाठी आणि वेणीसाठी जरूर लावावीत, शिंजीर मात्र त्यांच्यासाठी वाट वाकडी करणार नाही.

चौथी तपासणी पाकळ्यांची. आमच्याकडे एका रोपवाटिकेतून ‘हमिंगबर्डची जास्वंद’ म्हणून गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची जास्वंद आली होती. दोन वर्षे ती सुंदर फुलली आणि दोन वर्षांत तिच्यावर एकही शिंजीर थांबलेला मी पाहिला नाही. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि तळाशी जायची वाट बंद होते. म्हणून जास्वंद असो की आणखी काही, एकेरी पाकळीचे, जुन्या वळणाचे वाण घ्यावे.

पावसाळ्याचा विचार आधी करावा

झाडांच्या याद्या पुष्कळ मिळतात, पण त्या बहुतेक कोरड्या प्रदेशातल्या माणसांनी केलेल्या असतात. कोकणात माघापासून चैत्रापर्यंत शिंजिराला आपल्या परसाची गरजच नसते. रानात सावर, पळस, पांगारा, धायटी एकामागून एक फुलतात आणि कोणत्याही कुंडीतल्या झाडाने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. अडचण येते ती मृगानंतर. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सलग झड लागली की वर तोंड केलेली फुले पाण्याने भरतात, रस पांचट होतो, पाकळ्या कुजतात, आणि एवढ्याशा देहाला दिवसभर सतत खावे लागणाऱ्या पक्ष्याची पंचाईत होते.

म्हणून माझा सल्ला असा की निवड पावसाळ्यापासून सुरू करावी. जून ते सप्टेंबर फुलणारी आणि शक्यतो खाली तोंड करून लोंबणारी दोन-तीन झाडे आधी ठरवावीत, मग ऑक्टोबर ते डिसेंबरचा विचार करावा, आणि उन्हाळ्यातली झाडे जागा उरली तर लावावीत. उलट क्रमाने लावलेली बाग फेब्रुवारीत डोळ्यांचे पारणे फेडते आणि श्रावणात ओस पडते. आमची पहिली बाग अशीच होती.

पावसाळा निभावून नेणारी झाडे

माझ्या मते कोकणातल्या परसासाठी पहिला मान मिरची जास्वंदीचा. हिचे फूल कधीच पूर्ण उमलत नाही; लाल पाकळ्या गुंडाळलेल्या राहतात आणि पिकल्या मिरचीसारखे फूल खाली लोंबते, त्यामुळे धो धो पावसातही आतला रस टिकतो. ही मूळची मेक्सिकोकडची, आणि हिच्या कुळातल्या झाडांवर तिथे खरोखरच हमिंगबर्ड येतात, तेव्हा रोपवाटिकेची चिठ्ठी इथे अगदीच खोटी नाही. अर्धवट सावलीतही ती वाढते, जवळजवळ वर्षभर फुलते आणि तिला बी क्वचितच धरते, म्हणून फांदीपासूनच लावावी लागते. जूनच्या पहिल्या पावसानंतर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची जून फांदी तिरकी रोवली की बहुधा लागते. तिला मोकळे सोडले तर ती डोक्यावर जाऊन आडवी पडते. दिवाळीनंतर एकदा कमरेइतकी छाटावी.

साधी लाल जास्वंद तर प्रत्येक दारात असते, आणि नेमकी तीच पक्ष्याला मिळत नाही. जास्वंदीचे फूल एका दिवसाचे असते. सकाळी उमलते आणि उमलताच परडीत जाते. गणपतीच्या दिवसांत तर कळ्यादेखील उरत नाहीत. आमच्या घरात यावरून सौम्य वाद होऊन तोडगा असा निघाला की ओटीसमोरची जास्वंद देवाची आणि न्हाणीमागची पाखरांची, आणि मागच्या झाडाला कोणी हात लावायचा नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान हाताला न पोचणाऱ्या वरच्या फांद्या छाटू नयेत. शिंजीर जास्वंदीवर पुढून जात नाही हेही पाहण्यासारखे आहे. तो फुलाच्या मागे, देठाशी बसतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसून रस काढतो, म्हणजे परागकणांना स्पर्शही न करता जेवून जातो.

केळीबद्दल वेगळे काही सांगायला नको, कारण न्हाणीच्या पाण्यावर केळीचे बेट नाही असे घर कोकणात विरळा. परंतु शिंजिराच्या दृष्टीने केळफूल हे भरल्या पातेल्यासारखे आहे. एकेक तांबडे सोप उचलले जाते, त्याखाली फुलांची नवी रांग उघडते आणि प्रत्येक फुलात दाट गोड थेंब असतो. पाऊस पडत असला तरी वरचे सोप छपरासारखे आडवे असते. फण्या धरून झाल्यावर उरलेले केळफूल आपण भाजीसाठी तोडतो. बेटात तीन-चार केळी असतील तर एका केळीचे केळफूल झाडावर राहू द्यावे. वेगवेगळ्या वेळी निसवणाऱ्या केळी ठेवल्या तर वर्षभर एखादे तरी केळफूल लोंबत असते, आणि हा सगळ्यांत स्वस्त, बिनखर्चाचा उपाय आहे.

देशी झाडांत पावसाळ्याला तारणारे झाड म्हणजे मुरुडशेंग. काही ठिकाणी हिला केवण म्हणतात. पूर्वी हिच्या सालीच्या तंतूंचे दोर वळत असत आणि पिळाच्या शेंगा बाळाच्या गुटीत उगाळल्या जातात. हिचे फूल ताजे असताना तांबडे असते आणि जुने झाले की निळसर-करडे पडते, त्यामुळे कोणत्या फुलात रस आहे हे पक्ष्याला लांबूनच कळते. शिंजीर हिच्या परागीभवनाचा मोठा वाटा उचलतात. विकत आणायची गरज बहुधा पडत नाही, कारण गडग्याच्या कडेला ती आपोआप उगवलेली असते आणि आपणच दर वर्षी कोयत्याने साफ करतो. त्यातली दोन झुडपे राखावीत. बियांपासून लावायची असेल तर वाळक्या शेंगेतले बी गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे, कारण कवच टणक असते आणि उगवण सावकाश होते.

हमेलिया हे पाचवे झाड. फ्लोरिडापासून अर्जेंटिनापर्यंत रानात वाढणारे हे झुडूप आपल्याकडे रोपवाटिकांत सर्रास मिळते. केशरी-लाल बारीक नळ्यांचे झुपके त्याला उन्हाळा-पावसाळा सतत येतात, आणि नंतर लागणारी काळी फळे बुलबुल खातात. भरपूर ऊन असेल तरच ते फुलते. दोन रोपांत निदान चार-पाच फूट अंतर ठेवावे, कारण कुंडीत गोंडस दिसणारे हे रोप जमिनीत तीन वर्षांत दीड पुरुष उंच होते. मी पहिले हमेलिया हौसेने समुद्राच्या बाजूला लावले आणि जूनमधल्या खाऱ्या वाऱ्याने त्याची पाने आठ दिवसांत करपली. तेच रोप घराच्या पूर्वेला हलवल्यावर आज छपराला टेकले आहे.

रसेलियाच्या गवतासारख्या हिरव्या काड्या आणि लाल नळ्या गडग्यावरून खाली सोडायला फार चांगल्या. माती थोडी असली तरी तिला चालते. पोफळीच्या बागेतल्या ओल्या सावलीत हेलिकोनिया लावावी, मात्र खाली लोंबणाऱ्या फुलोऱ्याची, कारण उभ्या फुलोऱ्याच्या होड्यांत पावसाचे पाणी साचून डास होतात. सांडपाण्याच्या चराशी जुनी, लहान लाल फुलांची कर्दळ असू द्यावी.

हिवाळा आणि उन्हाळा

पावसाळ्यानंतरची कमान अडुळशाने सांभाळावी. मार्गशीर्षापासून पुढे तो फुलतो, त्याला गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि पावसाच्या तोंडावर खुंट रोवले की कुंपण तयार होते. भात कापून झाल्यावर गुरे मोकळी सुटणाऱ्या गावांत हा गुण फुलांइतकाच मोलाचा आहे. याच सुमारास कोरफडीचा दांडा वर येतो. औषधासाठी लावलेल्या कोरफडीच्या पिवळ्या नळ्यांवर शिंजीर हटकून बसतो. संक्रांत वेल नावाप्रमाणे पौषात केशरी होते, पण तिला भक्कम मांडव आणि दिवसभर ऊन द्यावे लागते. शेवगा आणि हादगा भाजीसाठी लावलेलेच असतात. त्यांची सगळी फुले भाजीला न खुडता शेंड्याकडची ठेवावीत.

कातळावर घर असेल आणि खड्डाच खणता येत नसेल तर धायटीसारखे झाड नाही. जांभ्याच्या फटींत मूळ धरून ती उभी राहते आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिच्या सगळ्या फांद्या लाल नळ्यांनी भरून जातात. आसव-अरिष्टांत जी धायटीची फुले वापरतात ती हीच. तिला पाणी घालून लाडावू नये आणि छाटणी फुले संपल्यावरच करावी, कारण पुढची फुले जुन्या फांदीवर येतात.

पांगारा मिरीच्या वेलाला आधार म्हणून किंवा कुंपणात आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मनगटाएवढा खुंट रोवला की तो लागतो. माघ-फाल्गुनात पाने झडून झाड लाल होते तेव्हा शिंजिरांबरोबर मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे अशी सगळी जत्रा तिथे भरते. परंतु कवळासाठी किंवा मिरीला ऊन मिळावे म्हणून ज्याच्या फांद्या दर वर्षी तोडल्या जातात तो पांगारा जेमतेम फुलतो. कुंपणातला एक तरी मोकळा वाढू द्यावा. पळस आणि सावर ही मोठ्या आवाराची झाडे आहेत. घर-अंगण मिळून पाच गुंठे असतील तर त्यांचा मोह टाळून ती गावाच्या सड्यावर लावावीत.

जी लावू नयेत त्यांतली पहिली घाणेरी. तिच्यावर शिंजीर येतात हे खरे, पण ती परसात थांबत नाही आणि रानात शिरल्यावर दुसरे काही उगवू देत नाही. पिचकारी हे नाव ज्याच्या कळ्यांमुळे पडले ते आफ्रिकेतले झाड दिसायला देखणे असले तरी त्याचे लाकूड ठिसूळ आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूने निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे माड-पोफळी आडवे झाले. तेव्हापासून कौलांच्या जवळ ठिसूळ लाकडाचे मोठे झाड लावण्याच्या मी विरोधात आहे.

बांडगुळाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. आंब्यावरच्या बांडगुळाची नळीदार फुले ही शिंजिराची हक्काची जागा, आणि त्याची चिकट फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीवर पुसणारा फुलटोच्या हा त्याचा प्रसारक. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर बांडगूळ राखावे; हापूसच्या कलमांच्या बाजूने पाहिले तर ते फांदीसकट कापावे. ज्यांचे पोट कलमांवर आहे त्यांना मी राखा असे कधीही सांगणार नाही. हद्दीवरच्या एखाद्या रायवळावर ते आले असेल आणि जवळपास कलमे नसतील, तर मात्र कोयता घेऊन चढण्याची घाई करू नये.

लावणी आणि मांडणी

रोपे मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर लावावीत, पहिल्या वळवावर नव्हे. वळीव फसवतो आणि मधल्या उघडिपीत रोप वाळते. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल घ्यावा. जांभ्यात तो पहारीनेच फोडावा लागतो आणि तळाला खडक लागला तर पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून खड्ड्याच्या एका बाजूने चर काढून द्यावा. शेणखत, गाळाची माती आणि पालापाचोळा एकत्र करून भरावे, आणि पावसाळ्यात आळ्याऐवजी बुंध्याशी मातीचा उंचवटा करावा. आळे दसऱ्यानंतर करायचे. रोपांची खात्री हवी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत किंवा गावातल्याच जुन्या परसात चौकशी करावी. मिरची जास्वंद, अडुळसा, कर्दळ, केळ ही विकत घेण्याची झाडेच नव्हेत, शेजारी मागितली की मिळतात.

समुद्र जवळ असेल तर पश्चिमेला आधी वारा अडवणारी ओळ हवी. उंडी किंवा माड पुढे, त्यांच्या आडोशाला फुलझाडे. एकाच जातीची तीन-चार झुडपे जवळजवळ लावणे हे दहा जातींचे एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा बरे, कारण पक्षी एका फेरीत पोट भरेल अशी जागा लक्षात ठेवतो. मात्र तीन-चारांचा एकच पुंजका केला तर एखादा नर त्यावर मालकी सांगतो आणि इतरांना हुसकावत राहतो. घराच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसणारे दोन पुंजके केले की त्याला दोन्हीकडे पहारा ठेवता येत नाही.

फुलांपलीकडच्या गोष्टी

पिल्ले फुलांच्या रसावर वाढत नाहीत. त्यांना किडे, अळ्या आणि कोळी लागतात, आणि घरटे विणायलाही कोळ्याची जाळी लागते. म्हणून शिंजिरासाठी बाग लावून तिच्यावर कीटकनाशक फवारणे हा व्यवहार तोट्याचा आहे. विशेषतः इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे झाडाच्या अंगात भिनून फुलातल्या रसापर्यंत पोचतात. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी करावीच लागते. त्या वेळी वारा पाहून फवारावे आणि फुलझाडे कलमांपासून दूर ठेवावीत. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, उरल्यास साबणाचे पाणी किंवा निंबोळी अर्क संध्याकाळी मारावा, आणि त्याला खांद्यावर वाहून नेणाऱ्या मुंग्यांची वाट तोडावी. माडीवरची आणि पडवीच्या कोपऱ्यातली कोळिष्टके उन्हाळ्यात थोडी राहू दिली तर बिघडत नाही. पाहुणे काय म्हणतील, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

साखरेच्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची पद्धत हमिंगबर्डच्या देशांत आहे. तिथे एक भाग साखर आणि चार भाग पाणी घेतात, रंग किंवा मध घालत नाहीत आणि बाटली वरचेवर धुतात. आपल्या दमट उष्म्यात ते पाणी लवकर आंबते, त्याला बुरशी येते आणि मुंग्या तर तासाभरात लागतात. मी एक मे महिना प्रयोग करून बाटली काढून ठेवली. त्याऐवजी सकाळी अळवावर, केळीच्या पानांवर किंवा जास्वंदीवर बारीक फवाऱ्याने पाणी उडवावे. शिंजीर ओल्या पानावर अंग घासून आंघोळ करतो, भांड्यात उतरत नाही.

विणीच्या दिवसांत नर आरशातल्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो. मोटारसायकलच्या किंवा गाडीच्या आरशावर सकाळपासून टोचे मारून तो थकतो आणि आरसा घाण करतो. आरशाला जुना पायमोजा घातला की भांडण मिटते.

घरटे बहुधा माणसाच्या उंचीवर असते. बाकदार फांदीला, पडवीतल्या दिव्याच्या वायरीला किंवा कपड्यांच्या दोरीच्या टोकाला वाळकी पाने, सालीचे तुकडे आणि कोळ्याचे धागे यांची लोंबती पिशवी दिसते, तिच्या कुशीला तोंड आणि वर छोटी पडवी असते. केरकचरा अडकला आहे असे समजून ती झाडूने काढली जाते. विणण्याचे काम मादी एकटी करते आणि बहुधा दोन अंडी घालते. अंड्यांपासून पिल्ले उडेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढे दिवस त्या वायरीचा दिवा लावू नये, दोरीवर ओले कपडे टाकू नयेत, खाली मांजराला चढायला मिळेल असे स्टूल किंवा पिंप ठेवू नये, आणि छायाचित्रासाठी घरट्यापुढची पाने बाजूला सारू नयेत, कारण तीच पाने कावळ्यापासून आडोसा देतात. पिल्ले उडून गेल्यावरही पिशवी लगेच उतरवू नये. तिच्यातली जाळी आणि साल मादी पुढच्या घरट्यासाठी कधी कधी उचलून नेते.